फरशीवर पाणी यायच्या आधी

"हिला मुतायला अंबाजोगाई लागती बे!"

मालक हे बोलला आणि ग्रामपंचायतीच्या पटांगणात बसलेली सगळी माणसं हसली. आधी त्याच्या शेजारचे खुर्चीवरचे हसले. मग सतरंजीवरचे. मग मागं भिंतीला टेकून उभे असलेले आमच्या वस्तीवरचे. माझा नवरा त्यांच्यातच होता. तो मोठ्यानं हसला नाही, पण मान खाली घालताना त्याचे ओठ फाकलेले मी पाहिले.

बायकांच्या बाजूला मी एकटी उभी होते. डोक्यावर पदर, डाव्या हातावर बाही ओढून घेतलेली. दोन वाक्यं बोलायला उठले होते. घरून घोकून आले होते. "उद्या माजं डायलिसिस हाय. फरशीवर पानी आलं तर मला जाता येनार न्हाई, आजच मला पलीकडं सोडा." एवढंच बोलले.

मालक जे बोलला त्यात खोटं काही नव्हतं. माझ्या दोन्ही किडन्या गेल्यात. दोन वर्षं झाली, मला लघवी होत नाही. थेंबभरसुद्धा नाही. ही गोष्ट मी माझ्या सासूलाही नीट सांगितली नव्हती. ती त्यानं भर सभेत, शंभर पुरुषांसमोर फेकली.

मी खाली बसले. कुणी हात धरून बसवलं नाही. माझी मी बसले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या बसण्यातून झालं.

गावात सगळे त्याला मालक म्हणतात आणि अहो-जाहो करतात. मी इथं करणार नाही. पूर्वी सरपंच होता, आता त्याची सून आहे. म्हणजे तोच आहे. आमचं गाव केज तालुक्यात, नांदूरघाटच्या बाजूला. गाव आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये नदी. नदीवर पूल म्हणायला एक ठेंगणी सिमेंटची फरशी. वरच्या अंगाला जोराचा पाऊस झाला की फरशी पाण्याखाली जाते आणि गाव तुटतं. इतरांचं दोन दिवस दूध अडकतं, पोरांची शाळा बुडते. माझा श्वास अडकतो.

मी दर सोमवारी आणि गुरुवारी अंबाजोगाईला जाते. एसटीनं केज, तिथून दुसरी गाडी. चार तास मशीनवर. डाव्या हाताच्या मनगटाजवळ दोन नसा जोडून दिल्यात. त्याला फिस्टुला म्हणतात. त्यातूनच रक्त बाहेर जातं आणि धुऊन परत येतं. हात कानाला लावला की आत घूं घूं ऐकू येतं. रोज सकाळी उठल्यावर मी आधी ते ऐकते, मग चूल पेटवते.

तिथल्या सिस्टरनं पावसाळा लागायच्या आधीच आम्हा सगळ्यांना बसवून शिकवलं होतं. मी सातवी शिकलेय, म्हणून कागदही दिला होता. हवामानाचा इशारा आला की आपल्या वाराची वाट बघायची नाही. फोन करायचा आणि एक दिवस आधी यायचं. अडकलोच तर दिवसाला पाणी दोन फुलपात्रं, जास्त नाही. मीठ तोडायचं. केळी नाहीत, मोसंबी नाही, शहाळ्याचं पाणी तर अजिबात नाही. "त्यात पोटॅशियम असतं," सिस्टर म्हणाली होती. "चांगल्या माणसाच्या ते लघवीतून निघून जातं. तुमच्या अंगात साठतं आणि हृदय बंद पाडतं. दुखतसुद्धा नाही, समजतसुद्धा नाही." फाईल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायची. आपलं सुकं वजन, म्हणजे मशीननं जादा पाणी काढल्यावरचं, पाठ पाहिजे. माझं सेहेचाळीस.

त्या बुधवारी सकाळपासून मोबाइल वाजत होता. अतिवृष्टीचा इशारा, नदीकाठच्यांनी सावध राहावं. मी लगेच सिस्टरला फोन केला. ती म्हणाली, "आजच ये, संध्याकाळच्या पाळीत घेते." मी पिशवी भरली. पण एसटी त्या दिवशी गावात आलीच नाही. डांबरी रस्त्यापर्यंत चालायचं बळ माझ्यात नव्हतं. राहिला ट्रॅक्टर. ट्रॅक्टर ग्रामपंचायतीचा, उभा मालकाच्या शेडात, चावी मालकाच्या खिशात. म्हणून मी सभेत उठले होते. त्या हसण्यात माझं मागणं राहून गेलं, ट्रॅक्टर निघाला नाही.

सभा सुटल्यावर मी नवऱ्याला म्हणाले, "तुमच्या मोटारसायकलवर सोडा. फरशी अजून उघडी हाय."

तो म्हणाला, "मालक न्हाई म्हनल्यावर आपुन जायचं? कसं दिसतंय ते? उद्या बगू."

याला भित्रा म्हणायचं असेल तर म्हणा, मीही म्हणाले. पण त्याचं भिणं कशाला बांधलेलं होतं तेही सांगते. आम्ही मेंढरंवाले. सुगी झाली की मोठ्या शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवतो. कळप चार-सहा दिवस त्याच्या रानात मुक्कामाला राहतो, लेंड्यांचं खत त्याला मिळतं, बदल्यात ज्वारी आम्हाला मिळते आणि धसकटं चरायला मिळतात. आमच्या सासऱ्यापासून आम्ही मालकाच्याच रानात बसवत आलो. त्याची मर्जी फिरली की कळप रस्त्यावर. त्यामुळे मालक हसला की आमच्या वस्तीनं हसायचं असतं. माझ्यावर हसला तरी.

सभेत अजून एकजण होते, ज्यांना माझ्याइतकीच घाई होती. गावातले शिंपी चाचा. साठीच्या पुढचे. त्यांचेही वार सोमवार आणि गुरुवार. अंबाजोगाईला आमच्या खाटा शेजारी शेजारी असायच्या. एसटीत माझी पिशवी तेच धरायचे. मी बसले तेव्हा मी त्यांच्याकडं पाहिलं. ते आपल्या चपलेकडं बघत होते.

गुरुवारी उजाडलं तेव्हा फरशी दिसतच नव्हती. नुसतं लाल पाणी, त्यात वाहून चाललेल्या कडब्याच्या पेंढ्या. दुपारपर्यंत पाणी आमच्या वस्तीत शिरलं. मेंढरं माळावर चढवली आणि आम्ही सगळे शाळेत आलो. चाचांची गल्लीही बुडाली. तेही तिथंच आले, काखेत शिलाई मशीनचं मुंडकं घेऊन. मशीनचा पाय तसाच सोडून आले होते.

शेजारच्या अंगणवाडीत वजनकाटा होता. शुक्रवारी सकाळी उभी राहिले. साडेअठ्ठेचाळीस. सायंकाळी एकोणपन्नास. शनिवारी पन्नास. जेवण जवळजवळ बंद, तरी वजन चढत होतं. ते वजन पाण्याचं होतं. पायावर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. आडवं झालं की छातीवर कुणी दगड ठेवल्यासारखं व्हायचं. मी भिंतीला टेकून बसून डोळे मिटायची. सारखी हात कानाला लावायची. घूं घूं चालू आहे का. चालू होतं.

आणि तहान. ती कशी सांगू? पत्र्यावर पाणी, अंगणात पाणी, ओसरीत पाणी, बायका घागरी भरून ठेवतायत, आणि मी पदराचं टोक ओलं करून ओठाला लावतेय. एकदा एका बाईनं माया करून तांब्या पुढं केला. तो तांब्या हिसकून आपटावासा वाटला. तिची काहीच चूक नव्हती.

मोबाइल बंद पडायच्या आधी सिस्टरचा शेवटचा फोन आला. "बसूनच झोप. घोट मोजून घे. जो रस्ता उघडेल त्यानं निघ, आमचं मशीन तयार आहे."

शुक्रवारी दुपारी चाचा माझ्याजवळ येऊन बसले. त्यांचं तोंड सुजलं होतं, डोळे बारीक झाले होते. तरी थट्टा सुटली नव्हती. म्हणाले, "इत्कं पानी दिलं अल्लानं, बेटी, आन् आपल्याला रेशन."

मी हसले नाही. मी विचारलं, "चाचा, तुमी सभेत कावून बोलला न्हाईत?"

ते म्हणाले, "उठनारच व्हतो. तुजं झालेलं बगितलं आन् गप बसलो. ह्या वयात कोन हसं करून घेतंय."

ते सहज बोलले. मी बुधवारी उठले तेव्हा 'मला सोडा' म्हणाले होते. 'आमाला सोडा' म्हणाले नव्हते. चाचा दहा पावलांवर बसलेले मला दिसत होते. तरी त्यांचं नाव माझ्या तोंडून निघालं नव्हतं. माझ्या घोकलेल्या दोन वाक्यांत फक्त मी होते.

शनिवारी दुपारी पाऊस थांबला आणि ट्रॅक्टरचा आवाज आला. ट्रॉलीत केळीचे घड आणि शहाळ्यांचा ढीग. पुढं मालक, पांढऱ्या कपड्यांत, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. त्याच्याबरोबर मोबाइल समोर धरून चालणारा एक माणूस. शहाळी आमच्याकडं पिकत नाहीत. ती केजहून आलेली. म्हणजे फरशी टाळून केजला जाणारा कॅनॉलच्या कडेचा कच्चा रस्ता पाण्यातून उघडला होता. म्हणजे ट्रॅक्टर केजला जाऊन आला होता. आम्हाला न घेता.

"आदी आजाऱ्यास्नी द्या," मालक म्हणाला. "हे आपले दोन पेशंट. घ्या रं हितं."

शहाळं फोडलं, नळी घातली. त्यानं स्वतःच्या हातानं चाचांपुढं धरलं. मोबाइलवाला पुढं सरकला.

मी म्हणाले, "चाचा, नका."

हळू म्हणाले. त्यांनाच ऐकू जाईल इतकंच.

चाचा माझ्याकडं बघून हसले. "देनाऱ्याला न्हाई कसं म्हनावं, बेटी." आणि प्यायले. तीन दिवसांची तहान होती. शेवटचा घोट ओढेपर्यंत त्यांनी नळी सोडली नाही. मालकानं लगेच दोन केळीही हातात दिली. तीही खाल्ली. मालक बघत उभा असताना हातातलं खाली ठेवायची आमच्याकडं रीत नाही. चाचांना कागद पाठ होता, सिस्टरनं त्यांच्याही हातात दिला होता. पण दिलेलं नाकारणं त्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं. आमच्यापैकी कुणीच केलं नव्हतं.

मग दुसरं शहाळं माझ्यापुढं आलं.

"घे. पी. ताकद यील."

"न्हाई."

त्याला वाटलं, मी लाजतेय. "कावून? घे की."

"हे माज्यासाठी जहर हाय."

मालकानं आधी लोकांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "मालकाच्या हातचं जहर? बघा रं बाबांनो. पुरात बसल्यात, तरी माज बघा."

कुणी हसलं नाही. माझा नवरा गर्दीतून पुढं आला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "घे गं. पिऊ नगं. फोटोपुरतं हातात तरी घे."

त्या क्षणी मला मालकाचा नाही, नवऱ्याचा राग आला. आणि नवऱ्याहून जास्त माझा. बुधवारी मी हेच केलं होतं. सगळ्यांना बरं दिसावं म्हणून खाली बसले होते. तीन दिवस माझ्या फुप्फुसात पाणी भरत होतं आणि अजून मी बरं दिसायचा विचार करायचा?

"हातात बी घेनार न्हाई," मी म्हणाले. या वेळी मोठ्यानं.

मी ओसरी उतरले. चिखलातून ट्रॉलीपर्यंत वीस पावलं असतील, दोनदा थांबून श्वास घ्यावा लागला. ट्रॉलीच्या साखळीत पाय दिला आणि वर चढले. केळीच्या घडाशेजारी बसले. म्हणाले, "मला अन् चाचाला केजला सोडा. जिकडून शहाळी आनली तिकडूनच."

"उतर. ट्रॅक्टर पुढल्या वस्तीवर जायचाय."

"न्हाई उतरत."

"ए, उतरवा रं हिला."

दोघं पुढं झाले. मी डाव्या हाताची बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत सुयांची भोकं आणि गाठी. दोन वर्षं मी तो हात गावापासून लपवला होता. आता वर धरला. "उतरवायचं आसंल तर हात लावा. ह्या हाताला धक्का लागला तर रगात थांबनार न्हाई. मी हितंच मरन. अन् त्यांचा मोबाइल चालू हाय."

ते दोघं थांबले. मोबाइलवाल्यानं मोबाइल खाली घेतला. मालकाच्या तोंडाकडं सगळी शाळा बघत होती. तो ड्रायव्हरला म्हणाला, "सोडून या ह्यांला. ब्याद टळू दे."

चाचांना माझ्या नवऱ्यानं उचलून वर दिलं. मग तो शाळेत पळत गेला, माझी फाईलची पिशवी घेऊन आला आणि मालकाकडं न बघता तोही चढला.

कॅनॉलचा रस्ता म्हणजे चिखलाचा बांध. ट्रॉली एकीकडं कलली की माझा श्वास तुटायचा. अर्धा रस्ता गेला असेल, चाचा म्हणाले, "बेटी, तोंडाला मुंग्या आल्यात." थोड्या वेळानं म्हणाले, "पाय माजे न्हाईत वाटतं." मी ड्रायव्हरला ओरडले. तो तरी किती पळवणार! मी चाचांचा हात हातात घेतला. त्यांचं फिस्टुलाचं मनगट माझ्या बोटाखाली होतं. घूं घूं लागत होतं. केजचे पहिले पत्रे दिसले तेव्हाही लागत होतं, पण अडखळत. मग माझ्या बोटाला काही लागेना. मी बोट हलवून हलवून शोधत राहिले.

केजच्या दवाखान्यात ते गेल्याचं सांगितलं. मला तिथून पुढं अंबाजोगाईला पाठवलं. मशीन सुरू झालं, चार तासांत साडेतीन लिटर पाणी निघालं, मी जगले. सिस्टर सुई टोचताना म्हणाली, "चाचा मागून येतायत का?" शेजारची खाट तिनं घालून ठेवली होती. उत्तर नवऱ्यानं दिलं.

चाचा शहाळ्यानं गेले असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनीही तसं म्हटलं नाही. गुरुवार चुकला होता, अंगात आधीच साठलं होतं, हृदय थकलं होतं, असं म्हणाले. मालकाला शहाळ्याचं काही माहीत नव्हतं, हेही मला मान्य आहे. पण दोन माणसं त्याच्या गावात मशीनवर जगतात, त्यांना काय चालतं, काय नाही, रस्ता तुटायच्या आधी त्यांना बाहेर काढायला लागतं, हे माहीत करून घ्यायची त्याला गरज वाटली नाही. मी सांगायला उठले तर त्याचा त्यानं विनोद केला. आणि मला तर माहीत होतं. सगळं माहीत होतं. तरी 'चाचा, नका' मी हळू म्हणाले. माझ्या वाट्याचं मी दुसऱ्या कुणाच्या अंगावर टाकणार नाही.

त्या सुगीला मालकानं आमची मेंढरं रानात बसू दिली नाहीत. नवरा कळप घेऊन पार चकलांब्याकडं गेला, अनोळखी रानं शोधत. जाण्याआधी मालकाचा निरोप आला होता, बाईनं येऊन पाय धरावेत, विषय मिटवू. नवऱ्यानं निरोप सांगितला आणि माझ्याकडं बघत बसला. 'जा' म्हणाला नाही. त्याच्यात एवढा फरक पडला. मी म्हणाले, "मेंढरं न्या. मी पाय धरनार न्हाई." तो गेला. चार महिने मी एसटीनं एकटी येत-जात होते. पिशवी धरायला कुणी नव्हतं.

त्या चार महिन्यांत मी यादी केली. मशीनवर आजूबाजूला जे पडलेले असतात त्यांनाच विचारत गेले. तुमचं गाव कोणतं, मधे नदी आहे का, ओढा आहे का, किती पावसात रस्ता तुटतो, घरी गाडी कुणाची. माझ्यासकट आमच्या बाजूची आठ माणसं निघाली. त्यात एक पाटलाची सून आहे, एक ऊसतोडीला जाणारा आहे, एक शाळामास्तर आहे. प्रत्येकाचं सुकं वजन, वार, घरच्यांचा फोन. काय खायला द्यायचं नाही ते मोठ्या अक्षरात.

पावसाळ्याआधी तहसीलला आपत्तीची बैठक असते, तिथं ती यादी घेऊन गेले. बोलावलं नव्हतं. दारातला शिपाई म्हणाला, अर्ज ठेवून जा. मी आत जाऊन उभी राहिले. साहेबांनी यादी वाचली. वाईट नव्हते, पण घाईत होते. पहिल्या नावावर, म्हणजे चाचांच्या, पेन ठेवून म्हणाले, "ही व्यक्ती मयत दाखवताय. मयताचं नाव कमी करा. यादी आठची होईल."

मी म्हणाले, "कमी करनार न्हाई, साहेब. रस्ता तुटायच्या आदी गाडी आली न्हाई तर काय व्हतं, ते पैल्या नावात लिवलंय. तुमी आठांसाठी गाडीचं लेखी द्या."

खुर्चीवरच्या काहीजणांनी तोंडावर रुमाल धरला. हसत असतील. मी बसले नाही.

लेखी अजून आलेलं नाही. पाहू म्हणालेत. पाहू दे. ट्रॅक्टर अजून मालकाच्याच शेडात उभा आहे आणि चावी त्याच्याच खिशात आहे. आमच्या आठ जणांच्या गावांत पंचायतीचा ट्रॅक्टर तेवढा एकच. आम्ही आठ जणांनी फोनवर आमचं ठरवलंय. आता जो पहिला इशारा येईल, त्याच दिवशी ऊन असलं तरी, आभाळ निरभ्र असलं तरी, ज्याला जमेल तसा प्रत्येकजण फाईल आणि कपड्यांची पिशवी घेऊन आमच्या गावात येईल. मालकाच्या फाटकात आम्ही बसू. मी मधोमध बसणार. चावी बाहेर येऊन आम्हा आठांना घेऊन ट्रॅक्टर निघाल्याशिवाय उठणार नाही. आणि तोवर त्या फाटकातून ज्याला आपली गाडी काढायची असेल, त्यानं ती आमच्या आठ जणांच्या अंगावरून काढावी.